अन्योन्य वाहकता आणि संग्राहकाची प्रतिष्ठा

जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह तपासण्यासाठी कोणता टेस्टर घ्यावा, हा प्रश्न वरकरणी विद्युतशास्त्राचा दिसत असला, तरी जालन्यात तो प्राधान्याने प्रतिष्ठेचा आहे; कारण ज्या घरात एक मर्फी, एक फिलिप्स आणि भंगारातून सोडवलेला एक बुश असे तीनच संच आहेत, म्हणजे सारे मिळून पंधरा-सोळा व्हॉल्व्ह आहेत, त्या घरात शेकडो प्रकारच्या व्हॉल्व्हची परीक्षा घेणारे यंत्र आणण्याचा विचार केवळ गरजेपोटी सुचू शकत नाही. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली याच जिल्ह्यातल्या, घनसावंगी तालुक्यातील जांब येथे झाला, आणि दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी मूर्खलक्षणे सांगून झाल्यावर त्यांनी त्याच दशकाच्या अखेरीस पढतमूर्खासाठी स्वतंत्र समास राखून ठेवला. व्हॉल्व्हच्या संग्राहकाचा त्यात उल्लेख नाही, याचे कारण त्या काळी व्हॉल्व्ह नव्हते एवढेच असावे. प्रस्तुत लेखकाची गणना पहिल्या समासात न होता अखेरच्या समासात व्हावी, असा त्याचा आग्रह आहे, आणि या आग्रहातच निकाल लागून गेलेला आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी, जिच्यात तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, ॲनोड ते ओढून घेतो आणि मधली ग्रिड नावाची जाळी त्यांच्या वाटेवर नियंत्रण ठेवते. स्वस्त टेस्टर, ज्याला एमिशन टेस्टर म्हणतात, तो साऱ्या ग्रिड ॲनोडला जोडून टाकतो आणि कॅथोडमधून किती इलेक्ट्रॉन निघतात तेवढेच पाहतो. जाळीची हुकमत चालते की नाही हे तो विचारतच नाही, म्हणजे पहिलवानाचे नुसते वजन करून कुस्तीचा निकाल जाहीर करण्यातला हा प्रकार झाला. महाग टेस्टर अन्योन्य वाहकता मोजतो, म्हणजे ग्रिडवरचा दाब एक व्होल्टने बदलला असता ॲनोडचा प्रवाह किती मिलिअँपिअरने बदलतो ते सांगतो. ईएल ८४ या ध्वनिवर्धक व्हॉल्व्हच्या बाबतीत हा आकडा ११.३ यायला हवा आणि ईसीसी ८३ च्या बाबतीत १.६. हे दोन आकडे पाठ झालेला मनुष्य लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला, तर जिलबी येईपर्यंत सुटका नसते.

इंग्रजी घराण्यात ॲव्हो कंपनीची यंत्रे मानाची, आणि त्यांतही लष्करासाठी बनवलेले, पेटीसारखे मिटणारे सीटी १६० विशेष मानाचे. मुलार्डच्या यंत्रात प्रत्येक व्हॉल्व्हसाठी भोके पाडलेले वेगळे कार्ड सरकवावे लागते. कार्डांचा संच अपुरा असेल तर ते यंत्र नुसते देखणे कपाट ठरते. अमेरिकन हिकॉक हीच वाहकता मायक्रोम्हो या एककात मोजतो, त्यामुळे इंग्रजी यंत्रावर ११.३ गुण मिळवणारा व्हॉल्व्ह हिकॉकवर ११,३०० गुण मिळवतो. ज्याची विद्युतशास्त्राशी ओळख कमी आणि पाहुण्यांची वर्दळ जास्त, त्याला हिकॉकच आवडतो. तो ११७ व्होल्टवर चालत असल्याने त्याच्याबरोबर दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मरही घ्यावा लागतो. पण खर्च हा दोष मानला तर हा छंदच संपतो.

या जिल्ह्यात मात्र खरी परीक्षा व्हॉल्व्हची होत नाही, वीजपुरवठ्याची होते. शेतीपंप सुरू होऊन घरातला दाब २३० वरून २०० व्होल्टवर उतरला, तर कॅथोड तापवणाऱ्या ज्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट मिळायला हवेत त्याला साडेपाचच मिळतात आणि धडधाकट व्हॉल्व्ह नापास होतो. तोच दाब रात्री २५० वर चढला की मरणपंथाला लागलेला व्हॉल्व्ह प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होतो. ज्या यंत्रावर आधी पुरवठ्याचा दाब जुळवून घेण्याची सोय नाही, ते भोकरदन किंवा मंठा तालुक्यात हवामानयंत्र म्हणूनही उपयोगी नाही. लॅपटॉपच्या चार्जरवर चालणारे, क्षणभराचे विद्युतस्पंद देऊन मोजणारे यूट्रेसर हे अलीकडचे डच यंत्र या दृष्टीने सर्वांत शहाणपणाचे आहे. पण त्याला बॅकेलाइटच्या मुठी नाहीत, आणि मुठी नसलेल्या यंत्रासमोर उभे राहून भुवया उंचावता येत नाहीत.

दूरचित्रवाणीच्या व्हॉल्व्हचा विचार थोडक्यात आटोपता येतो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले; जालन्याकडे चित्र पोचेपर्यंत १९८०चे दशक उजाडले आणि तोवर ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हची उचलबांगडी केली होती. तरीही, टीव्हीचे पी मालिकेतील व्हॉल्व्ह तपासता येतील अशा टेस्टरसाठी जास्त पैसे मोजण्यास प्रस्तुत लेखक तयार असतो.

येथे रेडिओ मेकॅनिक या लोप पावलेल्या परीक्षणसंस्थेचा विचार करणे भाग आहे, आणि तो प्रमाणाबाहेर लांबला तरी चालेल. १९५२ नंतर बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते लघुलहरींवर रेडिओ सिलोन शोधू लागले; विविध भारती आली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. लहरींचे रूपांतर करणारा व्हॉल्व्ह थकला की मध्यम लहरी ऐकू येत राहतात आणि लघुलहरी आधी मुक्या होतात; म्हणून 'सिलोन लागत नाही' एवढी तक्रार ऐकूनच मेकॅनिक तो व्हॉल्व्ह, म्हणजे ईसीएच ८१, उपटून हातात घेत असे, आणि एमिशन टेस्टर त्याच व्हॉल्व्हला निःसंकोच उत्तीर्ण करू शकतो. काचेवरचा पुसट झालेला क्रमांक वाचण्यासाठी मेकॅनिक तोंडाची वाफ सोडी, तेव्हा अक्षरे क्षणभर उमटून पुन्हा विरत. काचेच्या माथ्यावरचा चंदेरी डाग, म्हणजे उरलेला वायू शोषून घेणारा गेटर, दुधासारखा पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली हे तो पाहताच सांगे. बोटाच्या टिचकीने व्हॉल्व्ह खणखणला, तर आतले भाग सैल झाल्याचे त्याला कळे, आणि शंका उरलीच, तर खात्रीचा व्हॉल्व्ह त्या जागी लावून पाही.

अमेरिकेत औषधांच्या दुकानांतून ग्राहकाने स्वतःच वापरायचे टेस्टर उभे केले गेले, त्यांच्या तबकडीवर 'बदला' असे सांगणारा लाल पट्टा असे आणि नवे व्हॉल्व्ह त्याच यंत्राखालच्या कपाटात विक्रीला असत. त्या पट्ट्याच्या रुंदीत व्यापाराचा हात किती होता, हे सांगायला वाहकता मोजावी लागत नाही. इकडे, पोस्टात रेडिओच्या परवान्याचे शुल्क भरतानाच घायकुतीला आलेल्या गिऱ्हाइकाला मेकॅनिक 'अजून एक दिवाळी काढील' असे सांगून तोच व्हॉल्व्ह पुन्हा बसवून देई. हा निर्णय कोणत्याही तबकडीवर नव्हता. व्हॉल्व्ह किती थकला आहे आणि समोरचा माणूस किती थकला आहे, या दोहोंचे गणित त्यात होते, आणि ते कोणी लिहून घेतले नाही. ज्यांना ते येत होते त्यांना विचारायला जाण्याऐवजी शिकलेली मंडळी परदेशी यंत्रांची माहितीपत्रके जमवत बसली, याचा राग येतो आणि तो यायलाच हवा. संचांचे सांगाडे भंगारात गेले; भंगार वितळवून सळ्या करणाऱ्या भट्ट्या जालन्यात भरपूर असल्याने, एखाद्या मर्फीची चेसिस आज कोणाच्या तरी स्लॅबमध्ये उभी असण्याचीही शक्यता आहे.

निवडीबाबत निर्णय द्यायचाच झाला, तर वाहकता मोजणारा, फिलामेंट व कॅथोड यांच्यातली गळती दाखवणारा आणि पुरवठ्याचा दाब जुळवून घेणारा टेस्टर घ्यावा. हिकॉक घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्याच्या अनेक यंत्रांच्या पोटातच ८३ हा पाऱ्याच्या वाफेचा आणि ५वाय३ हा दुसरा, असे प्रवाह एकदिश करणारे दोन व्हॉल्व्ह असतात. ते थकले की बाकीच्या सर्वांचे गुण खोटे पडतात, आणि ते थकले आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी दुसरा टेस्टर लागतो. दुसऱ्या टेस्टरची आवश्यकता अशा प्रकारे शास्त्रतः सिद्ध होत असून, घरातून होणाऱ्या विरोधास उत्तर म्हणून हा परिच्छेद कापून कपाटाच्या दारावर चिकटवण्यास हरकत नाही.