खापर कोणाच्या डोक्यावर फोडावे: खरीप हंगामासाठी मार्गदर्शन

पेरणी हा शेतीचा विषय आहे असे समजणाऱ्यांनी पुढे वाचू नये. तो वाटणीचा विषय आहे. पीक आले तर आपल्या अनुभवामुळे, गेले तर पावसामुळे, एवढी वाटणी सगळ्यांना पाठ असते. तरीही जूनच्या घाईत काही माणसे आपल्या वाट्याची कामे नीट करून बसतात आणि पुढे खापर फोडायला डोके सापडत नाही. त्यांच्यासाठी हे चार शब्द. उदाहरण सोयाबीनचे आहे. कपाशीवाल्यांनी यथायोग्य बदल करावेत.

सर्वप्रथम, जे आपल्या हातात नाही त्याची संपूर्ण जबाबदारी घ्यावी. सुरुवात अक्षय्य तृतीयेलाच करावी. त्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात धान्ये गोल मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहणी करून भाकीत सांगतात. ते तोंडपाठ करावे. मग पंचांग उघडावे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून 9 ने भागले की जी बाकी उरते ती नक्षत्राचे वाहन ठरवते. बाकी शून्य उरली की हत्ती, म्हणजे धो धो. कोल्हा किंवा मेंढा निघाला तर भागाकार पुन्हा करून पाहावा.

विज्ञाननिष्ठांनी हवामान खात्याकडे वळावे. हे खाते 1875 पासून आहे, म्हणजे परंपरेचाही प्रश्न मिटला. खाते ‘सरासरीच्या 96 ते 104 टक्के’ म्हणाले की पाऊस सामान्य. ही सरासरी जून ते सप्टेंबरची सुमारे 87 सेंटिमीटर आहे आणि ती अख्ख्या देशाची आहे, हे खाते स्वतःच सांगते. तिकडे लक्ष देऊ नये. चेरापुंजी आणि जैसलमेर यांचा मेळ घालून आलेला आकडा आपल्या अडीच एकरांना लावावा. मोबाइलमध्ये निदान तीन ॲप ठेवावीत आणि त्यांतले मनासारखे सांगेल ते खरे मानावे. रात्री दोनला उठून ढग पाहण्याने ढगांवर काय परिणाम होतो ते ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी शेतात न जाण्याला चांगले कारण मिळते.

आता जे आपल्या हातात आहे ते. ते सगळे नशिबावर सोडावे.

उगवण चाचणी तर मुळीच करू नये. 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवडाभरात कितींना मोड आले ते मोजायचे. 70 वा त्याहून जास्त निघाले तर बियाणे ठीक, कमी निघाले तर एकरी बी वाढवायचे. खर्च काहीच नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. एकदा आकडा कळला की बोगस बियाण्याच्या नावाने ओरडता येत नाही. सोयाबीनच्या दाण्याची साल फार नाजूक असते, पोते आपटले तरी उगवण घटते. म्हणून पोती ट्रॅक्टरवरून जोरात आपटावीत. बीजप्रक्रियेच्या भानगडीतच पडू नये.

कृषी खाते दरवर्षी सांगते, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हे मोजायला सरळ कडांचा डबा आणि शाळेतली पट्टी पुरते. दोन्ही घरात असतील तर लपवून ठेवावीत. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणाला, शेजाऱ्याची तिफण निघाली, चौकातल्या टपरीवर कुणी ‘आमचं झालं बुवा’ म्हटले, की वापसा आहे की नाही हे न पाहता चाड्यावर मूठ धरावी. नंतर पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की आभाळाकडे बोट दाखवायला आपण मोकळे.

पीकविम्याचे काम शेवटच्या दिवशी, शक्यतो पोर्टल बंद पडल्यावर करावे. 2023 पासून तो एक रुपयात मिळत होता, तेव्हा ‘रुपयात काय येतंय’ म्हणावे. 2025 मध्ये ती सोय जाऊन खरिपाला 2 टक्के हप्ता आला, आता ‘एवढा कुठून भरू’ म्हणावे.

या पद्धतीला एकच अडचण येते. प्रत्येक गावात एखादी काकू असते. ती दाणे मोजते, डब्यातले पाणी मोजते, सोयाबीनमध्ये तुरीचे तास धरते, रुंद सरी-वरंबा काढते. तरीही खंड पडतो आणि तिचेही रान करपते, कारण पावसाने काही तिच्याशी करार केलेला नसतो. अशा वेळी आपण सहानुभूतीने विचारावे, “काकू, एवढं सगळं करून काय मिळालं?”

ती म्हशीला वैरण टाकता टाकता म्हणते, “काय मिळायचं? गेलं ते गेलं. घरचं बी दोन पोती मागं ठेवलंय, अन् तूर अजून उभी हाय.”

पाऊस का नाही आला, यावर तिला काही मतच नसते. अशा माणसांशी चर्चा लांबवू नये, आपला धीर खचतो. फक्त बी उसने मागायचे असेल तर सकाळी लवकर जावे. दुबार पेरणीच्या दिवसांत तिच्या दारात गर्दी असते.