वाफेचा बंदोबस्त

स्वहस्ते तारेचे वेटोळे वळून, त्यात कापसाची वात ओवून आणि ती सुगंधी द्रवात भिजवून निकोटिनची वाफ ओढण्याचे जे परदेशी यंत्र, त्याचे उत्पादन, आयात, विक्री व साठवण सरकारने 2019 च्या कायद्याने मना केली आणि विक्रेत्याच्या पहिल्याच अपराधास एक वर्षापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही मुक्रर केले. ओढणाऱ्याविषयी मात्र अवाक्षर नाही. उमरखेड तालुक्यातील ढाणकीस या बंदोबस्ताची झळ लागण्याचे कारण नाही. कापूस येथे शिवारात पिकतो. आणि व्यसनाची स्वहस्ते जुळणी म्हणाल, तर सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घालून खर्रा घोटण्याचे कौशल्य विदर्भास कोणी शिकवावयास नको. गुटखाही राज्यात 2012 पासून बंद आहे, अर्थात, दप्तरी.