दुहेरी अवतरणातले अण्णा

आमच्या वसाहतीच्या फाटकाशी सिमेंटचे दोन बाक आहेत. गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी त्या बाकांवर वाद रंगायचे. सांगलीत वादाला विषयांची कमतरता नाही. भडंग कुणाचं खरं, पुराचं पाणी कुठल्या साली कुठल्या पायरीला टेकलं, झालंच तर राजकारण. एकदा आयर्विन पूल कधी बांधला यावर तीन संध्याकाळी खर्ची पडल्या. एका पक्षाचं म्हणणं, पहिलं महायुद्ध संपलं त्याच वर्षी. दुसऱ्या पक्षाच्या आजोबांनी त्या पुलाच्या कामावर स्वतः घमेली वाहिली होती आणि त्या आजोबांचं वय दर संध्याकाळी बदलत होतं. वाद ऐन भरात आलेला असताना चौथ्या दिवशी अण्णा आले. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, फोनवर तीन शब्द टाइप केले आणि म्हणाले, "१९२९."

अकरा सेकंद लागले. त्या दिवशी सगळी मंडळी साडेसातलाच घरी पोचली आणि घरोघरी बायकांनी विचारलं, "बरं नाही का?"

असा एक अण्णा हल्ली प्रत्येक वसाहतीत, प्रत्येक कचेरीत आणि लोकलच्या प्रत्येक डब्यात असतो. कुठे त्याला काका म्हणतात, कुठे सर, कुठे नुसतंच "तो". त्याला गाणं येत नाही, पत्ते येत नाहीत, पण "जरा शोधून द्या ना" म्हणत सगळे त्याच्याकडेच येतात. फोन त्याच्या हातात दिला की दोन मिनिटांत हवं ते निघतं. मात्र त्या दोन मिनिटांत आपण शोधताना काय काय चुकलो, हे निमूटपणे ऐकून घ्यावं लागतं. ही त्याची फी.

आमचे अण्णा एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. तिथे मुलं येत आणि म्हणत, "सर, ते निळ्या कव्हरचं पुस्तक द्या." लेखक? माहीत नाही. विषय? "जाड आहे, सर." तेवढ्यावरून अण्णा ते पुस्तक काढून देत. निवृत्तीच्या दिवशी कार्डांच्या खणांवरून हात फिरवताना आता ही निळी पुस्तकं आपल्याला कोण मागणार, म्हणून त्यांचा कंठ दाटून आला होता म्हणे. मग इंटरनेट घरोघर आलं आणि अण्णांच्या लक्षात आलं, की अख्खं जग निळं पुस्तकच मागतंय.

पहिलं निळं पुस्तक आणलं ते समोरच्या पाटीलवहिनींनी. त्यांनी फोनवर लिहिलं होतं, "माझ्या नातवाला तीन दिवसांपासून रात्री कोरडा खोकला येतो तरी काय करावे ते कृपया सांगावे." अण्णांनी तांदूळ निवडावेत तसे एकेक शब्द बाजूला काढले. "माझ्या काढा. तुमचा नातू असल्याचं कुणी कुठल्या पानावर लिहिलेलं नाही. कृपया काढा, तिथे कुणी सोफ्यावर बसलेलं नाही. सांगावे काढा." शेवटी उरलं ते "लहान मुले कोरडा खोकला डॉक्टरकडे कधी". वहिनींना हवं होतं ते समोर आलं, पण त्या हिरमुसल्या. "नातवाचं नाव घातलं असतं तर बरं वाटलं असतं," म्हणाल्या.

या बाबतीत अण्णांनी पुढे थोडी माघार घेतली, हे कबूल करायला हवं. २०१९ साली गूगलने आपल्या शोधात बर्ट नावाची भाषापद्धती आणली आणि वाक्यातल्या शब्दांचं एकमेकांशी काय नातं आहे, हे यंत्राला पूर्वीपेक्षा बरंच उमगू लागलं. लांबलचक प्रश्न विचारला तरी हल्ली ते निभावून नेतं. "पण निभावून नेणं वेगळं," अण्णा म्हणतात. हल्ली सगळ्यात वर यंत्राने स्वतः जुळवलेलं उत्तर येतं, त्याच्याकडे तर ते लग्नात न विचारता सल्ला देणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात. नमस्कार करतात आणि बोटाने वर सारतात. "कुणी सांगितलं ते खाली असतं. खाली चला."

अण्णांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं आणि ते वाक्य ते दिवसातून चारदा म्हणतात: "प्रश्नाच्या तोंडाने विचारू नका, उत्तराच्या तोंडाने विचारा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे काहीतरी वेदान्तातलं असणार. मग त्यांनी हळदीचं उदाहरण दिलं. सांगलीत हळदीचं दिलं की पटतंच. आमच्या एका मित्राने लिहिलं होतं, "हळदीचं सध्या काय चाललंय". आता हळदीचं काय चाललंय, असं कुठला बातमीदार लिहील? तो लिहिणार "हळदीला प्रतिक्विंटल इतका दर". तेव्हा आधी डोळे मिटायचे, जे पान आपल्याला हवंय ते छापलेलं आहे असं समजायचं, त्यावर कुठले शब्द असतील ते बघायचे आणि तेच लिहायचे. सरकारी कागद हवा असेल तर "जीआर" म्हणायचं नाही. सरकार स्वतः त्याला "शासन निर्णय" म्हणतं. गुडघा हवा असेल तर आधी ठरवायचं, की गुडघा डॉक्टरांचा हवाय की मावशींचा. डॉक्टर लोक "सांधा" म्हणतील, मावशी "कटकट वाजतंय" म्हणतील. दोघांची पानं वेगळी.

मराठीत तर हे जास्तच. इंग्रजी शब्दाला फार तर एखादा एस लागतो. आपला आंबा मात्र पुढच्याच क्षणी आंब्याचा, आंब्यांना, आंब्यातला होऊन बसतो. अण्णा म्हणतात, मराठी शब्द शोधायचा म्हणजे वेषांतर केलेला चोर पकडायचा. मूळ रूपाने सापडला नाही, तर सामान्यरूपाने हाक मारून बघावी. शिवाय "ॲ" हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. दिसायला दोन्ही सारखी, यंत्राच्या लेखी ती सख्खी नव्हे, सावत्र भावंडं. आणि युनिकोड रुळायच्या आधीचा जो मराठी मजकूर जुन्या फाँटांत अडकून पडलाय, तो तर आपल्या डोळ्यांना मराठी दिसतो आणि यंत्राला रोमन अक्षरांची खिचडी. त्यात काहीही शोधा, सापडणार नाही. हे सांगताना अण्णांचा आवाज, पुरात भिजलेल्या पुस्तकांबद्दल बोलताना होतो तसा होतो.

चिन्हांच्या बाबतीत मात्र ते कर्मठ आहेत. सोवळंच ते. अवतरणचिन्हं तर त्यांच्या अंगात इतकी भिनली आहेत, की बोलतानाही दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वर जातात. शब्द दुहेरी अवतरणात घातले की यंत्राने ते त्याच क्रमाने, तसेच्या तसे शोधायचे, हा करार. त्यामुळे भाजीवाल्याकडेसुद्धा अण्णा बोटं उचलून "कोवळी भेंडी" म्हणतात. म्हणजे कोवळी वेगळी आणि भेंडी वेगळी चालणार नाही.

वजाबाकीचा किस्सा तर वसाहतीत सगळ्यांना पाठ आहे. वरच्या मजल्यावरच्या जोशींना मुंबईहून येणाऱ्या कोयना एक्स्प्रेसची वेळ हवी होती. त्यांनी नुसतं "कोयना वेळ" लिहिलं आणि धरणाच्या दरवाजांपासून १९६७ च्या भूकंपापर्यंत सगळं वाचून काढलं. तासाभराने ते अण्णांकडे आले तेव्हा त्यांना धरणाचा पाणीसाठा तोंडपाठ होता, पण मेहुणा कधी उतरणार ते माहीत नव्हतं. अण्णांनी लिहिलं, कोयना वेळापत्रक, मग वजा धरण, वजा भूकंप. "वजाचं चिन्ह नको असलेल्या शब्दाला चिकटून हवं, नवऱ्यामुलाला करवली चिकटते तसं. आणि त्याच्या आधी एक जागा मोकळी." जोशींनी हे इतकं मनावर घेतलं, की पुढच्या मुंजीच्या यादीत त्यांनी मेहुण्याच्या नावाआधी एक छोटी आडवी रेघ मारून ठेवली.

अण्णांकडे गेल्यावर इतिहासही ऐकावा लागतो. १९९० साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात आर्ची नावाचं पहिलं शोधयंत्र आलं. ते नुसती फायलींची नावं शोधायचं, आतलं काही नाही. "म्हणजे पुस्तकाचं कव्हर," अण्णा म्हणतात. मग याहूची विषयवार यादी, मग अल्टाव्हिस्टा, आणि १९९८ मध्ये गूगल. त्याची युक्ती अण्णांना फार आवडते, कारण ती विद्वानांच्या संदर्भसूचीवरून सुचलेली आहे: ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते मोठं, आणि बोट दाखवणारा स्वतः मोठा असेल तर आणखी मोठं. आमच्या गावात सोयरीक ठरवताना घराणं असंच जोखतात. कंपनीचं नाव गूगोल या शब्दावरून बेतलेलं, म्हणजे एकावर शंभर शून्यं. एकतीस वर्षं मुलांचं शुद्धलेखन सुधारणाऱ्या माणसाला हे नाव मुळातच मोडक्या स्पेलिंगवर उभं आहे याची थोडी गंमत वाटते आणि थोडा त्रास होतो.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, अण्णांनी घराच्या दारावर लावायचा तेवढा बाकी ठेवलाय. पण वेळ वाचवला की त्याचं करायचं काय, हे त्या पाचांत कुठेच नाही. आमच्या बाकांवरची पोकळी पाहिली की मला हे जाणवतं. आता कुणी "अमुक नट अजून आहे का हो?" म्हणून सुरुवात केली, की बाकीचे चोरट्या नजरेने अण्णांच्या खिशाकडे बघतात आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "थांबा, त्यांना सांगू नका."

तरी एका गोष्टीसाठी सगळी वसाहत अण्णांचं ऋण मानते. आमच्या इथल्या एका गृहस्थांचे बँकेतून दोनदा पैसे कापले गेले. त्यांनी बँकेच्या ग्राहकसेवेचा नंबर शोधला, जो पहिला दिसला तो फिरवला. पलीकडचा माणूस इतका अदबीने बोलला, की बँकेचा नसणार हे तिथेच कळायला हवं होतं. त्याने एक ॲप उतरवून घ्यायला सांगितलं. नशिबाने फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून हे अण्णांकडे आले. "जागा करून द्या जरा." अण्णांनी ऐकलं, फोन बंद केला आणि प्रथमच काही शोधलं नाही. "कार्ड काढा. उलटं करा. नंबर मागे छापलाय." सगळ्यात वरच्या निकालाच्या डोक्यावर "प्रायोजित" असं बारीक लिहिलेलं असतं, ते त्यांनी त्या दिवशी घरोघर जाऊन दाखवलं. आणि सरकारी काम असेल तर आधी इंग्रजीत साइट, मग अपूर्णविराम, मग जागा न सोडता जीओव्ही डॉट इन लिहायचं, म्हणजे फक्त सरकारी पानंच समोर येतात. सातबाऱ्याच्या नावाने दुकान मांडलेले भलतेच लोक त्यामुळे बाहेर राहतात. सत्तरी उलटलेली माणसं आता आमच्याकडे "अपूर्णविराम विसरू नका" असं एकमेकांना बजावतात. व्याकरणाचे मास्तर असते तर भरून पावले असते.

२०१९ च्या पुरात पूल वाहून गेल्याचा एक फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. आयर्विनच, म्हणून लोक हळहळत होते. अण्णांनी फोटोवरून फोटो शोधला. तो जुना निघाला आणि परदेशातला. "तशी शोधायचीही गरज नव्हती," म्हणाले. "त्यातल्या गाड्या उजव्या बाजूने चालल्यात."

एवढ्या माणसाला एकच ठिकाण शोधता येत नाही. त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर. काकूंच्या मांडणीत बिस्किटांच्या डब्यात रवा असतो, रव्याच्या डब्यात हरभऱ्याची डाळ आणि "साखर" लिहिलेल्या डब्यात गेली बारा वर्षं मीठ. अण्णांनी एकदा सगळ्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या. आठ दिवसांत काकूंनी डबे धुतले, चिठ्ठ्या गेल्या आणि जिरं पुन्हा मसाल्याच्या नव्हे, औषधांच्या कपाटात निघालं. काकूंना विचारलं की जागेवरून न उठता सांगतात, "फळीच्या कोपऱ्यात, लोणच्याच्या बरणीमागे, झाकण तुटकं आहे." सूची सगळी डोक्यात.

गेल्या महिन्यात काकूंच्या भाचीसाठी एक स्थळ आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, मूळचा इस्लामपूरकडचा. "बघा तुमच्या त्याच्यात," काकू म्हणाल्या. अण्णा बसले. नाव दुहेरी अवतरणात, गाव जोडलं, त्याच नावाचे एक दंतवैद्य आणि एक कबड्डीपटू वजा केले, कंपनीच्या साइटवर शोधलं. दीड तासाने हाती आला एक फोटो, एक पदवी आणि २०१६ सालच्या कुठल्याशा सायकल फेरीतला एकशे चौदावा क्रमांक.

तोवर काकूंनी इस्लामपूरच्या मावशींना फोन लावला होता. मी तिथेच होतो. चाळीस मिनिटांत मुलाचा पगार, आईचा स्वभाव, वडिलांनी विकलेलं शेत, ते कुणी घेतलं, मुलाला भात आवडत नाही, असं सगळं तर आलंच. वर न विचारता आणखी तीन स्थळं आली, शिवाय ज्यांनी या घराची चौकशी केली त्यांनी आणखी कुणाची केली, तेही. अण्णा फोन खाली ठेवून ऐकत होते. मग ते काकूंजवळ सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "त्यांना विचार: मुलगा, पुणे, फ्लॅट, कर्ज, वजा वडिलांचं."

काकूंनी फोनवर हात ठेवला. "असं तुटक काय बोलता? मावशी आहे ती. पूर्ण वाक्यात विचारा, आणि आधी तिची तब्येत विचारा, नाहीतर काही सांगायची नाही." आणि फोन त्यांच्याच हातात दिला.

अण्णांनी चष्मा कपाळावर सारला. घसा खाकरला. "नमस्कार मावशी, मी अण्णा बोलतोय. कशा आहात? गुडघ्याचं सध्या काय चाललंय? अजून कटकट वाजतो का? मला जरा एक विचारायचं होतं, कृपया..."