आपला बाब्या, परक्याचा हेमाटोक्रिट

बेल्जियमच्या उत्तरेकडील डचभाषक प्रदेशास फ्लँडर्स म्हणतात, आणि व्यावसायिक सायकल-शर्यतींच्या भक्ताचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने आरंभ तेथूनच करावा, कारण ही जमात फ्रान्स, इटली, स्पेन आणि हॉलंड येथेही विपुल आढळत असली तरी तिचे अस्सल नमुने या ओल्या, वाऱ्याच्या आणि बहुतांशी सपाट मुलखातच पाहावयास मिळतात. पूर्ण वाढ झालेला नमुना साठीच्या आसपासचा असतो. त्याच्याजवळ घडीची खुर्ची, पावसाळी कोट, पिवळ्या कापडावर काळा सिंह असलेला झेंडा आणि कोणीही न विचारता दिले जाणारे मत या चार वस्तू नित्य असतात. एप्रिलच्या आरंभी ‘रोंडे’, म्हणजे १९१३ साली सुरू झालेली फ्लँडर्सची महाशर्यत, भरते तेव्हा तो आउडे क्वारेमाँट नावाच्या दगडी फरसबंदीच्या चढावर सकाळीच जागा धरतो आणि दिवसभर उभा राहून शर्यतवीरांना तीन वेळा, प्रत्येक वेळी फार तर दोन-चार मिनिटे, डोळे भरून पाहतो. उरलेल्या वेळात बिअर, तळलेल्या बटाट्याच्या सळ्या आणि वादविवाद असतो, आणि पाहण्यास इतके थोडे व थांबण्यास इतके फार अशा या खेळाने आपल्या भक्ताला प्रेक्षकापेक्षा मीमांसक अधिक बनवले, हे क्रमप्राप्तच म्हणावे लागेल.

त्याच्या मीमांसेचे दोन प्रमुख विषय आहेत : स्प्रिंट आणि उत्तेजके. यांपैकी पहिल्या विषयात तो न्यायाधीश असतो, आणि दुसऱ्यात, आरोपी कोणत्या गावचा आहे हे विचारून घेतल्यावर, कधी फिर्यादी तर कधी बचावाचा वकील असतो.

स्प्रिंट म्हणजे सपाट मार्गावरील टप्प्याच्या शेवटी लागणारी वेगाची झुंज. सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा असल्यामुळे शंभर-दीडशे स्वारांचा एकत्र जथा, ज्यास ‘पेलोटॉन’ म्हणतात, आतल्या स्वारांना आडोसा देतो व त्यांची बरीच शक्ती वाचवतो; स्प्रिंटर नावाचा प्राणी हा आडोसा चार-पाच तास विनासंकोच उपभोगतो, अखेरीस त्याचे सहकारी एका रांगेत पुढे होऊन आळीपाळीने वारा अंगावर घेतात व दमले की बाजूला सरतात, आणि शेवटच्या सुमारे दोनशे मीटरवर तो त्यांच्या मागून निसटून ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने रेषा गाठतो. या रांगेस ‘लीड-आऊट’ म्हणतात. दिवसभर दुसऱ्यांनी राबायचे आणि फुले एकाने घ्यायची ही व्यवस्था कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसास परिचित वाटेल, परंतु भक्ताला तीत अन्याय दिसत नाही. पहिले चार तास तो डुलकी घेतो, त्याची पत्नी दूरदर्शनवर हेलिकॉप्टरमधून दाखवले जाणारे किल्ले, द्राक्षमळे व चर्च मनापासून पाहते, आणि शेवटचे तीन किलोमीटर उरले की ती त्याला कोपराने ढोसून जागे करते.

त्यानंतर मात्र तो कोपरांचाच अभ्यास करतो. स्प्रिंटमध्ये स्वाराने आपली सरळ रेषा सोडून दुसऱ्याचा मार्ग अडवू नये असा नियम आहे, आणि रेषा सोडली की सोडवली, कोपर बाहेर आले ते ढकलण्यासाठी की तोल सावरण्यासाठी, हे ठरवण्याचा अधिकार पंचांना असला तरी पात्रता आपल्यालाच आहे, अशी भक्ताची धारणा असते. २०१७ च्या टूर दि फ्रान्समध्ये व्हिटेल येथे मार्क कॅव्हेंडिश कठड्यावर आदळला आणि अपघाताचा ठपका ठेवून पीटर सागान यास त्याच दिवशी शर्यतीबाहेर काढण्यात आले, तेव्हा मंदगतीतील ते चित्रण भक्ताने इतक्या वेळा पाहिले, की सागानच्या कोपराची त्याला स्वतःच्या मुलांच्या चेहऱ्याइतकी ओळख झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने (जिला सर्वत्र यूसीआय म्हणतात) हा दुर्दैवी अपघात होता असे मान्य केले, आणि भक्ताला आपण प्रथमपासून हेच म्हणत होतो असे आठवू लागले. पुढे २०२० साली पोलंडमधील काटोवित्से येथे उताराच्या अंतिम रेषेवर डिलन ग्रोनेवेगेनने रेषा सोडल्याने फाबिओ याकोबसेन कठडे तोडून पलीकडे फेकला गेला व मरणाच्या दारातून परतला. ग्रोनेवेगेनवर नऊ महिन्यांची बंदी आली, आणि २०२२ च्या टूरमध्ये डेन्मार्कमधील लागोपाठच्या दोन टप्प्यांत आधी याकोबसेन व दुसऱ्या दिवशी ग्रोनेवेगेन जिंकला. या एका प्रकरणात भक्ताचा आवाज खाली येतो, आणि त्याच्या बाजूने ही गोष्ट नोंदवणे अभ्यासकास आवश्यक वाटते.

स्प्रिंटरविषयी त्याच्या मनात एक कोमल कोपरा असण्याचे कारण सैद्धांतिक आहे. धैर्याचे इंजेक्शन निघालेले नाही. दोन हँडलांच्या फटीत सत्तरच्या वेगाने शिरण्याची छाती बाटलीतून मिळत नाही. म्हणून उत्तेजके हा डोंगर चढणाऱ्यांचा रोग असून स्प्रिंटर स्वभावतःच निर्मळ असतो, असे तो मानतो. या सिद्धांतावर पहिला आघात एरिक झाबेल या जर्मन स्प्रिंटरने केला. १९९६ पासून सलग सहा वर्षे टूरमधील हिरवी जर्सी, म्हणजे टप्प्यागणिक मिळणाऱ्या गुणांत सर्वप्रथम येणाऱ्याचा मान, याच्याकडे होता, आणि २००४ च्या मिलान–सान रेमो शर्यतीत रेषेपूर्वीच विजयाचे हात उंचावून ऑस्कर फ्रेइरेला जिंकू दिल्यामुळे तर तो भक्ताला घरचाच वाटू लागला होता, कारण इतका भोळा माणूस लबाड असू शकत नाही. २००७ साली झाबेलने सांगितले, की १९९६ मध्ये आपण ईपीओ घेतले खरे, पण ते जेमतेम आठवडाभर. २०१३ मध्ये असे कळले, की तो आठवडा पुष्कळ वर्षे चालला होता. भक्ताने सिद्धांत बदलला नाही. झाबेल डोंगरही बरा चढत असे, एवढी तळटीप त्याने जोडली.

ईपीओ म्हणजे एरिथ्रोपोएटिन, मूत्रपिंडात तयार होणारे व तांबड्या रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक. कृत्रिम रूपात ते रक्तक्षय झालेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आले आणि लवकरच युरोपातील सर्वांत धडधाकट तरुणांना त्याची विलक्षण गरज भासू लागली, कारण पेशी वाढल्या की स्नायूंना अधिक प्राणवायू पोहोचतो. ते शरीरात ओळखण्याची चाचणी प्रथम उपलब्ध नसल्यामुळे यूसीआयने १९९७ पासून हेमाटोक्रिटवर, म्हणजे रक्ताच्या आकारमानातील तांबड्या पेशींच्या शेकडा प्रमाणावर, पन्नासची मर्यादा घातली, आणि ती ओलांडणाऱ्यास दोषी न ठरवता, प्रकृतीच्या कारणास्तव म्हणून, दोन आठवडे विश्रांती देण्याची पद्धत पाडली. एखाद्या हमरस्त्यावर वेगमर्यादेची पाटी लावली की सर्व वाहने नेमकी त्या पाटीच्या काट्यावर धावू लागतात, तसे येथे झाले. १९९६ चा टूरविजेता डेन्मार्कचा ब्यार्ने रीस यास तर ‘साठ टक्के’ असे टोपणनावच पडले होते, आणि त्याने २००७ साली कबुली दिली तेव्हा भक्ताला धक्का बसला नाही. बसला असल्यास तो, डॅनिश माणसाने एवढे मोकळेपणाने बोलावे याचाच.

‘आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचे ते कार्टे’ हा न्याय मराठी मुलखाबाहेर कोठे इतक्या निष्ठेने पाळला जात असेल, तर तो येथे. एडी मर्क्स हा बेल्जियन, पाच वेळा टूर जिंकलेला, बहुतेकांच्या मते या खेळातील सर्वश्रेष्ठ. तो १९६९ च्या इटलीच्या महाशर्यतीत आघाडीवर असताना साव्होना येथे चाचणीत दोषी ठरून बाहेर पडला. भक्ताच्या मते हे इटालियनांचे कारस्थान होते, आणि पुढच्याच महिन्यात मर्क्सने टूर जिंकल्यामुळे त्याचा पुरावाही मिळाला. १९७३ च्या लोंबार्डी शर्यतीतील दोष खोकल्याच्या औषधाचा होता, आणि खोकला कोणाला होत नाही? १९७७ मध्ये पुन्हा दोष निघाला, तर तोवर मर्क्स थकला होता. योहान म्युझेऊ, ज्याला फ्लँडर्सचा सिंह म्हणतात व ज्याने रोंडे व पॅरिस–रुबे प्रत्येकी तीनदा जिंकली, त्याच्या उत्तेजक-प्रकरणात पोलिसांच्या तपासाचा धागा एका पशुवैद्यापर्यंत गेला. सिंहाने पशुवैद्याकडे जाऊ नये तर कोठे जावे, हा प्रश्न भक्त गंभीरपणे विचारतो. फ्रँक व्हॅनडेनब्रूक या दक्षिणेकडील, म्हणजे फ्रेंचभाषक, बेल्जियनाच्या घरी २००२ साली औषधे सापडली, तेव्हा ती कुत्र्यासाठी आहेत असा खुलासा झाला, आणि भाषिक तंटा बाजूला ठेवून भक्ताने त्या कुत्र्याच्या प्रकृतीविषयी काळजी व्यक्त केली.

सीमा ओलांडताच मात्र त्याची श्रद्धा आटते. २००२ च्या टूरमध्ये तिसरा आलेल्या लिथुआनियाच्या राइमोंडास रुमशासच्या पत्नीस औषधांनी भरलेल्या मोटारीसह फ्रेंच पोलिसांनी पकडले आणि ती आपल्या आजारी आईसाठी आहेत असे तिने सांगितले. जावयाच्या शर्यतीत सासूबाईंच्या औषधांचा असा सहभाग पाहून भक्त आजही पोट धरून हसतो. इटलीच्या जिल्बेर्तो सिमोनीच्या अंगात सापडलेले कोकेन मावशीने पेरूहून आणलेल्या गोळ्यांतले निघाले व तो सुटला. अमेरिकेच्या टायलर हॅमिल्टनच्या बाजूने तर त्याच्या अंगात आढळलेले परके रक्त जन्मापूर्वीच नाहीशा झालेल्या जुळ्या भावंडाचे असू शकते असा युक्तिवाद झाला. स्पेनच्या अल्बेर्तो कोंतादोरने २०१० मध्ये मांसाच्या तुकड्याला दोष दिला व त्या वर्षीचे टूरचे विजेतेपद गमावले. या खुलाशांची भक्ताजवळ पाठांतरासारखी मालिका असते. ब्रिटिशांवर त्याचा राग निराळ्या प्रकारचा आहे, कारण त्यांनी खुलासा देण्याऐवजी कागद आणला : ‘उपचारार्थ सवलत’, म्हणजे आजारपणामुळे निषिद्ध औषध घेण्याची वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळणारी रीतसर परवानगी. नियमांत बसणारी गोष्ट त्याला नियमभंगाहून अधिक संशयास्पद वाटते.

इतर देशांतील त्याचे चुलत-मावसभाऊही याच कुळाचार्याचे शिष्य आहेत. टूरमध्ये डोंगरांतील सर्वोत्तम चढाईबद्दल ठिपक्यांची जर्सी मिळते, ज्या मानास मुंबई–पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ असे सुटसुटीत नाव आहे. ती सात वेळा मिळवणाऱ्या रिशार व्हिराँकने फेस्टिना या आपल्या संघाच्या १९९८ मधील उत्तेजक-प्रकरणात दोन वर्षे अश्रूंसह नकार देऊन २००० साली न्यायालयात कबुली दिली, आणि फ्रेंच भक्त त्यानंतरही रस्त्याच्या कडेला त्याच्याच नावाने ओरडत राहिला. अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगची टूरमधील सात विजेतेपदे उत्तेजकांमुळे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली व ती जागा कोणालाच न देता रिकामी ठेवली गेली, याबद्दल कोणीही अश्रू ढाळले नाहीत. खोलात विचारल्यास भक्त सांगतो, की औषधे सर्वच घेत होते, पण हा मनुष्य सारे वर्ष केवळ जुलैतील टूरसाठी राखून ठेवत असे आणि हसत नसे.

अलीकडे या जमातीत एक उपजात निर्माण झाली आहे, तिला गणिती भक्त म्हणता येईल. चढाची उंची, लागलेला वेळ आणि स्वाराचे अंदाजे वजन घेऊन तो प्रत्येक किलो वजनामागे किती वॅट शक्ती खर्च झाली ते काढतो आणि आकडा सहाच्या फार वर गेला की मान हलवतो. वारा कोणत्या दिशेचा होता, आडोसा किती मिळाला, सायकली व आहार किती सुधारले, या बाबी त्याच्या समीकरणात आपल्या खेळाडूसाठी आठवणीने येतात व परक्यासाठी गळतात. २०२४ मध्ये तादेय पोगाचारने प्लाटो दि बेय हा चढ ईपीओच्या काळातील, म्हणजे १९९८ मधील, मार्को पांतानीच्या वेळेहून तीन मिनिटांपेक्षाही अधिक लवकर संपवला. त्याच्याविरुद्ध कोणताही पुरावा नाही व त्याची कोणतीही चाचणी दोषी ठरलेली नाही, तरी गणिती भक्त त्या रात्री आनंदाने जागला. येथे एक मत मांडणे भाग आहे : या माणसाला सत्य नको असते, संशय हवा असतो. पूर्ण निर्मळ सिद्ध झालेली शर्यत त्याला पाच तासांच्या सपाट टप्प्याइतकीच कंटाळवाणी होईल. ख्रिस फ्रूमवर २०१५ च्या टूरमध्ये एका प्रेक्षकाने, फ्रूमच्याच सांगण्यानुसार, मूत्राने भरलेला पेला फेकला, तेव्हा नमुना कोणी कोणाला द्यायचा याबाबत तरी या शास्त्रात गोंधळ उडालेला आहे, हे स्पष्ट झाले.

पण त्याच्याही सहनशीलतेस एक सीमा आहे. जानेवारी २०१६ मध्ये बेल्जियममधीलच झोल्डर येथे चिखलातील सायकलिंगच्या जागतिक स्पर्धेत एका तरुण बेल्जियन खेळाडूच्या सायकलीच्या नळीत लपवलेली मोटर सापडली आणि सायकल एका मित्राची आहे असा खुलासा आला. ज्याने कुत्रा मान्य केला, पशुवैद्य मान्य केला, खोकला तर सहर्ष मान्य केला, त्या भक्ताने हा मित्र मात्र मान्य केला नाही. सुई टोचली तरी पायडल शेवटी स्वारालाच मारावे लागते, दुखतेही त्यालाच; मोटर म्हणजे सरळ पाप, असे तो म्हणतो. आता विजेत्यांच्या सायकली क्ष-किरणांखाली धरल्या जातात, याचे त्याला समाधान आहे आणि ते तो क्वारेमाँटच्या माथ्यावर शेजाऱ्याला तपशिलाने सांगतो. त्या माथ्यापर्यंत तो स्वतः बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीने येतो. तिचा विषय निघाल्यास ती गुडघ्यासाठी आहे, डॉक्टरांनी लिहून दिले आहे आणि तो कागद घरी कपाटात आहे, असे त्याचे म्हणणे असते.