ताटात टाकायचं नाही

मुलगा अमेरिकेत असलेले आई-बाप पूर्वी पुण्या-मुंबईत भेटायचे. आता ते केजला, माजलगावला, गेवराईलाही भेटतात. पोरगं इंजिनिअर होतं, हिंजवडीला लागतं, तिथून न्यू जर्सीला उडतं आणि वर्ष-दोन वर्षांत निवृत्त आई-बापांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतं. सहा महिन्यांनी माणूस परत येतो तेव्हा तोच असतो, फक्त थोडा जास्त असतो.

अंबाजोगाईतल्या आमच्या गल्लीचे गुरुजी हे या जातीचं अस्सल उदाहरण. जिल्हा परिषदेच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सगळी नोकरी केज आणि धारूर तालुक्यांत गेली, विषय गणित. अंगकाठी अशी, की फळ्यासमोर उभे राहिले तरी मागच्या बाकावरच्या पोराला गणित पूर्ण दिसायचं. सकाळी मुकुंदराजाच्या समाधीच्या रस्त्याने भरभर चालून यायचे आणि आल्यावर रात्रीची भाकरी दुधात कुस्करायचे. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, येसराची आमटी, जवसाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. संध्याकाळी तेच, फक्त भाकरी दीड. सुगीत हुरडा आणि वेळाअमावस्येला शेतात बसून भज्जी-आंबील, एवढीच काय ती चैन. वजन ६८ किलो. ते वर्षानुवर्षं तेवढंच होतं आणि त्यात आपलं काही कर्तृत्व आहे असं गुरुजींना कधी वाटलंही नव्हतं.

गुरुजींचा जेवणाचा नियम एकच : ताटात टाकायचं नाही. या नियमाला १९७२ चा दुष्काळ साक्षी आहे. गुरुजी तेव्हा दहा वर्षांचे. आई-वडील खडी फोडायच्या कामावर आणि घरात लाल मिलो. ही मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापायला घेतली की चिरायची आणि खाल्ली की घशात अडकायची. कामावर सुकडी मिळायची, तिच्यातली चिमूटसुद्धा खाली सांडू द्यायची नाही. म्हणजे अमेरिका गुरुजींच्या पोटात पहिल्यांदा गेली ती अशी, पन्नास वर्षांपूर्वी, व्हिसाशिवाय.

पुढे मुख्याध्यापक झाल्यावर हाच नियम त्यांनी शाळेत लावला. पोषण आहाराच्या खिचडीला पहिली ते पाचवीच्या पोराला १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या पोराला १५० ग्रॅम. गुरुजी स्वतः काट्याजवळ उभे राहायचे आणि खिचडी वाढल्यावर रांगेतून फिरत एकेक ताट तपासायचे. रिकामं ताट दाखवल्याशिवाय पोराला उठता येत नसे.

असे गुरुजी दसरा झाल्यावर काकूंसह पोराकडे अमेरिकेला निघाले. निघण्याआधी आठवडाभर त्यांच्या ओट्यावर किराणा दुकानाचा काटा आणून ठेवला होता. विमानात प्रत्येक बॅग २३ किलोंची. काकूंनी भरलं होतं येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, खारोड्या, कुरडया, सांडगे आणि ज्वारीचं पीठ. बॅग भरली साडेसव्वीस. गुरुजींनी हातात वही घेऊन एकेक पुडी काढली, तोलली, लिहिली, पुन्हा ठेवली. शेवटी स्वतःचा कोट आणि स्वेटर बाहेर काढला तेव्हा काटा २३ वर स्थिरावला. “थंडी सोसता येती,” गुरुजी म्हणाले, “चटणी नसली तर नाही सोसत.”

न्यू जर्सीतल्या पहिल्याच सकाळी पोराच्या न्हाणीघरात वजनाचा काटा दिसला. गुरुजी सहज त्यावर चढले. आकडा आला १५०. गुरुजी उतरले, चष्मा पुसला, पुन्हा चढले. पुन्हा १५०. विमानात पंधरा-सोळा तासांत तीन वेळा जेवण आलं होतं आणि तिन्ही वेळा गुरुजींनी ट्रे लखलखीत करून दिला होता हे खरं. पण म्हणून ८२ किलो? मग पोराने सांगितलं, हा काटा पाउंडांत आहे, एका किलोला २.२ पाउंड. गुरुजींनी तोंडी भागाकार केला, ६८ आले आणि जीव भांड्यात पडला. पण एक घोटाळा झाला तो झालाच. काट्यावरच्या आकड्याला भ्यायचं नसतं, हे गुरुजींच्या मनाने तिथं घेतलं.

पहिले चार दिवस भाकरी झाली. पाचव्या दिवशी काकूंनी भाकरी जाळावर टाकली, ती टम्म फुगली आणि छतावरची धुराची घंटा कोकलायला लागली. सूनबाई टॉवेल घेऊन घंटेखाली वारा घालत उभ्या, नातू कानात बोटं घालून उभा, आणि गुरुजी हातात ताट घेऊन उभे. असं दोनदा झालं. मग भाकरी शनिवार-रविवारची झाली. उरलेले पाच दिवस ब्रेड, बेगल, पिझ्झा आणि सकाळी दुधातले गोड पोहे. हे पोहे मक्याचे असतात आणि त्यांच्या खोक्यावर वाघाचं चित्र असतं.

गुरुजींना यातलं काही आवडलं, असं नाही. पिझ्झ्याबद्दल त्यांचं मत होतं की मैद्याच्या जाड भाकरीवर कुणीतरी भाजी सांडून ठेवली आहे. पण आवडणं वेगळं आणि टाकणं वेगळं. पोरगं एका वेळी मोठा पिझ्झा मागवायचं, त्यातले तीन तुकडे उरायचे. नातू अर्धा बेगल ठेवून शाळेत पळायचा. ते कुणी खायचं?

आणि मग गुरुजींना फ्रिज सापडला. कपाटाएवढा, दोन दारांचा. त्यातल्या प्रत्येक वस्तूवर तारीख होती. दुधाचा कॅन एक गॅलनचा, म्हणजे पावणेचार लिटरचा, दही डबाभर, चीजच्या थप्प्या, संत्र्याचा रस, एकावर एक फुकट मिळालेलं आइस्क्रीम. घरात माणसं पाच, माल वसतिगृहाला पुरेल इतका आणि तारखा डोक्यावर आलेल्या. गुरुजींमधला मुख्याध्यापक जागा झाला. त्यांनी वही आखली : अनुक्रमांक, वस्तू, शिल्लक, अंतिम तारीख, शेरा. रोज रात्री जेवणं झाली की फ्रिजची हजेरी घ्यायची आणि ज्याची तारीख उद्या उलटणार त्याला आज बाहेर काढायचं. “दूध उद्या बाद होतंय, कोण घेणार?” कुणीच नाही. गुरुजी दोन पेले घ्यायचे. “दही परवापर्यंत.” गुरुजी. “हे काय, पुडिंग?” गुरुजी. शेऱ्याच्या रकान्यात सहा महिने एकच शब्द होता : ‘संपवले’. दुसऱ्यांच्या पोरांना शंभर-शंभर ग्रॅम मोजून देणाऱ्या माणसाने स्वतःला मात्र माप लावलं नाही, कारण हे जेवण नव्हतं. ते कर्तव्य होतं.

चालायला जावं, तर जायचं कुठं? गुरुजी आयुष्यभर चालले ते कामासाठी. पेपर आणायला, बँकेत, कुणाची चौकशी करायला, मयतीला. न्यू जर्सीच्या त्या वसाहतीत रस्ते गुळगुळीत, पण रस्त्यावर माणूस नाही. दुकान पाच मैलांवर आणि तिथं गाडीनेच जायचं. एकदा गोल चक्कर मारून ते पुन्हा त्याच दारात आले. “कुणी भेटलं नाही तर ते चालणं कसलं?” म्हणाले आणि बसले. डिसेंबरात बर्फ पडला तेव्हा बसायला अधिकृत कारण मिळालं.

शनिवार-रविवारी मराठी घरांतून बोलावणी. प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायचा अशी तिकडं रीत आहे. त्यामुळे टेबलावर पावभाजी, श्रीखंड, बिर्याणी, पुरणपोळी आणि केक एकाच रांगेत. प्रत्येक बाई येऊन विचारणार, “काका, माझं घेतलंत का?” गुरुजी शिक्षक. एकीचं खाल्लं, दुसरीचं नाही, असा पक्षपात त्यांना कसा जमावा?

एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपल्या लोकांची दुकानं आहेत. तिथं ज्वारीचं पीठ मिळालं. पुढे एका गोऱ्या लोकांच्या दुकानातही मिळालं, ग्लुटेनमुक्त म्हणून सजवलेल्या पाकिटात. गुरुजींनी चौकशी केली तेव्हा कळलं की अमेरिका जगात सर्वांत जास्त ज्वारी पिकवणाऱ्या देशांपैकी एक आहे, कॅन्सस राज्य त्यात पुढे आहे आणि तिथली बरीचशी ज्वारी जनावरांच्या दाण्याला जाते. परत आल्यावर ते हे दर वेळी सांगतात : “बहात्तरला त्यांच्या जनावरांची ज्वारी आपण खाल्ली. आता त्यांची शहाणी माणसं तब्येतीसाठी ज्वारी खायलेत, आणि मी तिथं बसून त्यांचा मैदा संपवत होतो!”

या सगळ्यात गुरुजींना वजनाचा पत्ता लागला नाही, याचं श्रेय इलॅस्टिकच्या विजारीला. पोराने थंडीसाठी घेऊन दिलेली ती विजार सहा महिने निमूटपणे ताणली गेली. पक्क्या कापडाची पँट पहिल्या महिन्यातच बोलली असती. ती बोलली थेट अंबाजोगाईत, एका लग्नाला निघताना. शिंप्याने शिवण उसवून पाहिली आणि म्हणाला, “गुरुजी, आतली माया संपली. आता नवीनच शिवा.” मग स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात काट्यावर उभं राहणं आलं. ७८ किलो. बॅगेत एक किलो जास्त झाला तर विमान कंपनी अडवते. माणसात दहा किलो जास्त आले, तर त्याला सीटवर बसवून वर पुन्हा जेवायला देते.

आणि काकू? काकूंचं वजन तीन किलो कमी झालं. स्वयंपाकघर खाली, झोपायच्या खोल्या वर, कपडे धुवायचं यंत्र तळघरात. जिने त्या चढल्या, पोळ्या त्यांनी लाटल्या, आणि जेवायला बसल्या सगळ्यांच्या नंतर, म्हणजे गुरुजींनी ‘संपवले’ लिहिल्यावर. “माझंच ह्यांच्या अंगावर गेलंय,” एवढंच त्या म्हणतात.

आता गुरुजी वजन उतरवायच्या मागे लागले आहेत. पोराने मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून दिलं आहे. रोज दहा हजार पावलं. हा दहा हजारांचा आकडा कुणा वैद्याचा नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकामुळे तो रूढ झाला. गणिताच्या शिक्षकाला मात्र आकडा मिळाला की उगम लागत नाही. संध्याकाळी सात हजार भरले असले तर गुरुजी ओट्यावर बसून हात हलवतात आणि उरलेले तीन हजार हातानेच चालतात. समोरून जाणारा प्रत्येक जण आपल्यालाच बोलावलं म्हणून येऊन बसतो.

तरी चालणं खूप होतं, कारण अमेरिका सांगायला घरोघर जावं लागतं. पण घरोघर सुशीला येतो. मुरमुऱ्यांचा तो भिजवलेला, फोडणी दिलेला ढीग आणि वर शेंगदाण्याचं कूट. सोबत चहा. ताटलीत टाकायचं नाहीच. रस्त्यावर जे उतरतं ते उंबऱ्याच्या आत भरून निघतं.

परवा गुरुजींचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तोही नुकताच परतला होता, सहा महिन्यांनीच, पण कारखान्यावरून. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातून दोन वाटा फुटतात. एक विमानतळाला जाते, दुसरी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जाते, आणि गर्दी दुसऱ्या वाटेवर असते. पोराचे गाल बसले होते, शर्ट खांद्यावरून ओघळत होता. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, त्याचं वजन कुठून टिकणार?

“गुरुजी, तिकडं ऊस नाही का?” त्याने विचारलं.

“आहे की. फ्लोरिडात, लुइझियानात. पण यंत्रानं तोडतात.”

“मग माणसं काय करतात?”

“माणसं महिन्याला पैसे भरून जिममधी जातात आन् तिथं लोखंड उचलतात.”

पोरगा बराच वेळ हसला. मग म्हणाला, “मोळी उचलायची फी घेतली असती तर मी मुकादमालाच देणं लागलो असतो.” यावर गुरुजी हसले नाहीत. “तसाही तू त्याचं देणं लागतोसच,” म्हणाले, कारण मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब पोराने त्यांच्याकडूनच तपासून घ्यायला आणला होता. तो होईपर्यंत काकूंनी दोघांपुढे सारखीच ताटं ठेवली. गुरुजींनी आपल्या ताटातली एक भाकरी काढून पोराच्या ताटात ठेवली आणि पूर्वीसारखेच त्याच्याकडे रिकामं ताट होईस्तोवर बघत बसले. त्या दिवशी घड्याळाने काही वेगळं दाखवलं नाही, पण माझ्या मते गुरुजींचं वजन उतरायला सुरुवात झाली असेल तर ती तिथून.

ताटात टाकू नये हा नियम सोन्यासारखा आहे, पण तो रिकाम्या घरात तयार झाला आहे. भरलेल्या फ्रिजसमोर तो पाळायचा, तर आधी ताटात कमी वाढून घ्यावं लागतं. तेव्हा यंदा ज्यांचा व्हिसा झाला असेल त्यांनी बॅगेत येसर जरूर न्यावं, इलॅस्टिकची विजार मात्र नेऊ नये. फ्रिजच्या तारखा ज्याच्या त्याने बघाव्यात. आणि न्हाणीघरातल्या काट्यावर चढल्यास आकड्याला २.२ ने भागावं, पण भागाकार झाल्यावरही थोडं घाबरावं.