केसावर केस

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपली म्हण सांगते. म्हण रचणाऱ्याची गॅरेट मॉर्गनशी गाठ पडली नव्हती, एवढंच. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा हा कृष्णवर्णीय कारागीर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिलाई मशीन दुरुस्त करायचा. सुई झरझर चालली की तापायची आणि लोकरीचं कापड करपायचं. म्हणून त्यानं सुईला लावायला एक रसायन घोटलं आणि हात तिथल्याच फडक्याला पुसले. नंतर बघतो तर फडक्यावरची लव ताठ, सरळ. मग त्यानं शेजारच्या कुरळ्या एअरडेल कुत्र्याला गाठून ते चोपडलं. कुत्रा इतका सरळ झाला की मालकाला ओळखू येईना म्हणे! पुढची पाळी मॉर्गनच्या स्वतःच्या डोक्याची, आणि 1913 च्या सुमारास कंपनीची.

याच गृहस्थानं त्याच सुमारास आणखी एक वस्तू शोधली होती. धुरात, विषारी वायूत शिरताना डोक्यावर चढवायचा टोप. गॅस मास्कचा आजोबाच म्हणा. 1916 मध्ये एरी सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला, तेव्हा तो टोप घालून हा स्वतः आत उतरला आणि माणसं बाहेर काढली. केस सरळ करायचं रसायन आणि विषारी वाफेपासून वाचायचा टोप, दोन्ही एकाच डोक्यातून निघाले. पुढच्या शंभर वर्षांत धंद्यानं पहिली वस्तू डोक्यावर घेतली आणि दुसरी अडगळीत टाकली.

कुरळा केस कुरळा असतो तो त्यातल्या प्रथिनांना गंधकाच्या टाचण्या मारलेल्या असतात म्हणून. टाचण्या उपटल्या की केस निमूट सरळ. त्या उपटायला जे मलम वापरतात त्याला नाव दिलंय 'रिलॅक्सर'. लावल्यावर टाळू भाजते, म्हणून आधी कपाळाच्या कडेनं आणि कानांवर पेट्रोलियम जेली थापावी लागते, आणि तरी नाव रिलॅक्सर! मूळच्या पाककृतीत असतो कॉस्टिक सोडा, म्हणजे तुंबलेलं गटार मोकळं करायला ओततात तोच. अमेरिकी विनोदवीर ख्रिस रॉकनं 2009 च्या 'गुड हेअर' या माहितीपटात कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिनियमचे कॅन बुडवून दाखवले. काही तासांत कॅन विरघळले. केस नवीन उगवला की तो पुन्हा कुरळाच, त्यामुळं दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा बोलावणं. असं गिऱ्हाईक कोणाला नको असतं?

सोड्याची बदनामी झाल्यावर बाजारात 'सोडाविरहित' डबे आले. त्यात काय? कॅल्शियम हायड्रॉक्साइड. आपल्या भाषेत, पानाला लावतात तो चुना. एखाद्या वाक्प्रचाराचा रसायनशास्त्रानं इतका शब्दशः मान राखल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. कंपनीनं गिऱ्हाइकाला चुना लावला आणि तसं डब्यावर छापूनही दिलं.

बायका हे सोसत का होत्या, असं विचारणाऱ्यानं अमेरिकेत कृष्णवर्णीय बाई होऊन नोकरीचा अर्ज करून बघावा. अलाबामातल्या एका तरुणीला नोकरी देऊ केली आणि 2010 मध्ये काढूनही घेतली, कारण ती आपल्या जटा कापायला तयार नव्हती. 2016 मध्ये अपील न्यायालयानं निर्वाळा दिला की यात वंशभेद नाही, कारण कातडी बदलता येत नाही, केशरचना बदलता येते. झालं! बदलता येते म्हटल्यावर बदलायचे डबे विकणारे होतेच. लहान मुलींसाठी वेगळा डबा, त्यावर हसऱ्या पोरीचा फोटो, नाव 'जस्ट फॉर मी'. केसांवरून भेदभाव करू नये असा कायदा करणारं पहिलं राज्य म्हणजे कॅलिफोर्निया, तेही 2019 मध्ये.

ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 33,497 बायका, जवळपास 11 वर्षं पाठपुरावा. केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरणाऱ्या बायकांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 1.64 टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत 4.05. त्याच महिन्यात ही रसायनं विकणाऱ्या कंपन्यांवर पहिला दावा दाखल झाला. फेब्रुवारी 2023 मध्ये देशभरचे दावे शिकागोच्या संघीय न्यायालयात एकत्र बांधले गेले, आणि त्यांची संख्या हजारोंत गेली. मराठीची सोय बघा, डोक्यावरचेही केसच आणि कोर्टातल्याही केसच. फरक इतकाच की पहिले गळत जातात आणि दुसऱ्या उगवत.

प्रतिवादी कंपन्यांनी आरोप नाकारले आहेत. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं नाही, हे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. बायकांनी कुठला डबा वापरला हे अभ्यासकांनी विचारलं नव्हतं, हेही खरं. पण डब्यात काय आहे हे बायकांना तरी कुठं ठाऊक होतं? तिथल्या कायद्यानं सुगंधातले घटक एका 'सुगंध' या शब्दात गुंडाळता येतात. धंद्याचं गुपित. ज्या थॅलेट नावाच्या रसायनांवर वादींच्या वकिलांचा रोख आहे, ती अनेकदा याच घडीत झाकलेली असतात.

केस सरळ करायच्या रसायनांची दुसरी जात केरॅटिन ट्रीटमेंटची, फॉर्मल्डिहाइडवाली. हे रसायन माणसाला कर्करोग देतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्येच सांगितलं. 2011 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, 'ब्राझिलियन ब्लोआउट'च्या उत्पादकाला पत्र धाडलं: तुमच्या द्रावणात 8.7 ते 10.4 टक्के मिथिलीन ग्लायकॉल आहे. बाटलीवर मात्र फॉर्मल्डिहाइड नसल्याचा दावा. मिथिलीन ग्लायकॉल म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइडच. गरम इस्त्री फिरली की वायू मोकळा. हलवायानं सांगावं, 'साखर नाही हो, पाक आहे,' तशातला प्रकार.

याच रसायनाचं पाणी म्हणजे फॉर्मॅलिन, शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्यात तरंगतो ते. जुलै 2018 मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत ते सापडल्याची बातमी आली, तेव्हा गोवा पेटला. आधी 'आहे', मग 'मर्यादेत आहे', अशा सरकारी कोलांट्या झाल्या आणि शेवटी बाहेरच्या मासळीवर 15 दिवसांची बंदी. गोव्यात मेलेल्या बांगड्याला जे चालत नाही, ते अमेरिकेत जित्या बाईला चालतं. तिथं 2023 मध्ये एफडीएनं बंदीचा प्रस्ताव आणायचं ठरवलं. बंदी नव्हे, प्रस्ताव. मुहूर्त एप्रिल 2024. मग जुलै. मग सप्टेंबर. मग मार्च 2025, आणि तोही कोरडा गेला. आपल्या कोर्टांनी उगाच मनाला लावून घेऊ नये.

शिकागोतल्या या भानगडीशी आपला काय संबंध, असं वाटत असेल तर प्रतिवादींची यादी वाचा. लॉरेआल, रेव्हलॉन ही मंडळी आहेतच. पण खाली 'नमस्ते लॅबोरेटरीज' दिसते. हात कोणी जोडलेत? डाबरनं. 2010 च्या अखेरीस ही कंपनी 10 कोटी डॉलरना विकत घ्यायचा सौदा जाहीर झाला. इकडं आवळ्याचं तेल लावून केस पोसायचे आणि तिकडं रिलॅक्सर विकणारी कंपनी बाळगायची. आवळा देऊन कोहळा काढणं आपण म्हणतो, पण कोहळा शिकागोत काढल्याचं उदाहरण नवं. ऑक्टोबर 2023 मध्ये डाबरनं शेअर बाजाराला कळवलं, उपकंपन्यांवर सुमारे 5,400 दावे आहेत. यादीत आणखी एक नाव 'स्ट्रेंग्थ ऑफ नेचर'. निसर्गाची शक्ती! 2016 पासून तिची मालकी गोदरेज कन्झ्युमरकडे, म्हणजे आपल्या विक्रोळीला. त्या घरच्या एका ब्रँडचं नाव 'आफ्रिकन प्राइड'. आफ्रिकेच्या अभिमानाला इस्त्री करायची आणि त्याच अभिमानाचं लेबल लावायचं.

ख्रिस रॉकच्या त्या माहितीपटात तिरुपतीही आहे. भाविकांनी देवाला वाहिलेले केस तिकडं बायकांच्या डोक्यावर जोडले जातात. म्हणजे स्वतःचे केस सरळ करायला आमच्या मालकीचा डबा, नाहीच झाले तर वरून लावायला आमचेच केस, आणि शेवटी कोर्टातही आमच्यावरच केस.

गेल्या आठवड्यात भाचीच्या लग्नाची केरॅटिन ट्रीटमेंट होती. मी गाडीचालक आणि बिल भरणारा. बाटलीवर ठळक अक्षरांत 'फॉर्मल्डिहाइड-फ्री'. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली: ग्लायऑक्झिलिक ॲसिड. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये एका 26 वर्षांच्या तरुणीची हकिगत छापली आहे. या ॲसिडचं क्रीम वापरणाऱ्या पार्लरमध्ये ती 2020, 2021 आणि 2022 मध्ये गेली, आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. उंदरांना तेच क्रीम लावलं तर त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. हे मी भाचीला सांगायला लागलो.

"मामा, तू बाहेर बस ना, प्लीज."

तेवढ्यात पार्लरमधल्या मुलीनं खिडकी उघडली, पंखा दाराकडं वळवला आणि स्वतः मास्क चढवला.

"काय गं, मास्क कशाला?"

"दिवसाला चार-पाच होतात ना काका, डोळे चुरचुरतात, घसा धरतो."

"मग हिलाही दे की एक."

"छे हो काका!" ती म्हणाली. "कानामागं दोरी गेली की केसाला वळ पडतो."