रेंजच्या कांड्या

कोकणात पाहुण्याला गूळ-पाणी दिलं की पुढचं आदरातिथ्य म्हणजे रेंज कुठे येते ते दाखवणं. "पडवीच्या त्या खांबाशी उभे राहा. आता हलू नका हां!" शहरी पाहुण्याला हा मंत्रतंत्राचा प्रकार वाटतो, पण यजमान भौतिकशास्त्रच सांगत असतो. टॉवरची लहर एकाच वाटेनं येत नाही. डोंगरावर, शेजारच्या पत्र्यावर, जांभ्याच्या भिंतीवर आपटून तिची अनेक रूपं मागेपुढे पोचतात. कुठे ती एकमेकांना बळ देतात, कुठे एकमेकांना खोडून टाकतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम १७ सेंटिमीटर, त्यामुळे चार बोटं सरकलात तरी लागलेला फोन तुटू शकतो.

फोनवरच्या कांड्यांवर तर मुळीच जाऊ नये. किती सिग्नलला किती कांड्या, हे ज्या त्या फोन कंपनीनं ठरवायचं असतं. २०१० साली आयफोन ४ मुठीत धरला की कांड्या गळतात अशी ओरड झाली, तेव्हा ॲपलनं जाहीर पत्र काढून कबूल केलं, की आमचं कांड्यांचं सूत्रच चुकलं होतं; पुष्कळदा आम्ही दोन कांड्या जास्तच दाखवत होतो.

शिवाय कांड्या सांगतात ते फोनला टॉवर किती ऐकू येतो एवढंच. टॉवरला फोन ऐकू येतो का, हे त्यांना कोण विचारणार? टॉवर बोलतो दहा-वीस वॉटच्या जोरावर. फोनची ताकद साधारण ०.२ वॉट. म्हणून कांड्या दिसतात, पलीकडच्याचं बोलणं कळतं आणि तोच विचारत राहतो, "हॅलो, आहेस ना?"

इथे आमच्या काकू पदर खोचतात. त्यांचा आवाज अंतराच्या हिशोबानं चढतो: चिपळूणला बेताचा, पुण्याला खणखणीत, न्यू जर्सीला अंगणात उतरून. ही ट्रंक कॉलच्या काळातली सवय. आता आवाजाचे आकडे होतात आणि आकडे ओरडले तरी लांब जात नाहीत, हे त्यांना सांगून झालंय. "मग त्याला ऐकू कसं जातं रे?" या प्रश्नापुढे विज्ञान गप्प.

गंमत म्हणजे खरं ओरडतो तो फोन. टॉवरला नीट ऐकू जात नाही असं कळलं, की तो आपली ताकद शेवटपर्यंत वाढवतो, तापतो, आणि त्याची बॅटरी भराभर उतरते. काकूंची उतरत नाही.